मागचं दार

१

सकाळचा क्रम ठरलेला होता. चहाचे कप विसळायचे, हत्यारांची पिशवी डिकीत टाकायची, बायकोला हाक मारायची आणि दोघांनी निघायचं. बायको दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसायची. तिला तिथे सोडलं की हा आपल्या कामाला मोकळा. काम म्हणजे लिफ्टची दुरुस्ती. गल्लीत त्याला सगळे लिफ्टवालेच म्हणायचे, आणि तोही त्या नावाला ओ द्यायचा.

पूर्वी वाटेत शाळाही लागायची. आता लागत नव्हती. शाळा होती तिथेच होती हो, कुठे जाणार! तोच दुसऱ्या रस्त्याने जायला लागला होता.

त्या दिवशी त्याने किल्ली फिरवली आणि गाडीने नुसतं ‘टक’ केलं. डॅशबोर्डवरचे दिवे लख्ख, हॉर्न खणखणीत, काटे जागेवर. फक्त सेल्फ घेईना. पुन्हा किल्ली फिरवली, पुन्हा टक.

“काय झालं?” बायकोने विचारलं.

“नखरे,” तो म्हणाला. “दुसरं काय?”

त्याने बॉनेट उघडलं, बॅटरीच्या तारा हलवून पाहिल्या, उगाच इकडे तिकडे फुंकर मारली. तोपर्यंत बायको उतरून काहीतरी ठेवाठेव करत होती. ती बसल्यावर त्याने किल्ली फिरवली आणि गाडी अशी सुरू झाली, जणू काही घडलंच नव्हतं. “बघ, हात लावला की लाइनीवर येते,” असं म्हणून त्याने स्वतःची पाठ थोपटून घेतली.

दोन दिवस गाडी शहाण्यासारखी वागली. तिसऱ्या दिवशी टक.

२

गॅरेजवाले काका म्हणजे वल्ली माणूस. गाडी तपासताना ते गाडीशीच बोलायचे, गिऱ्हाइकाशी नाही. त्यांनी बॅटरी बदलून पाहिली, सेल्फची मोटर खोलून साफ केली, रिले बदलला, वायरी ताणून पाहिल्या. आणि गाडी? त्यांच्या दारात ती एकदाही अडली नाही. किल्ली फिरवावी आणि सुरू. सासरी आलेल्या नव्या सुनेसारखी साळसूद.

“लिफ्टवाले, गाडीला काही धाड भरलेली नाही,” काका म्हणाले. “तुम्हीच किल्ली उलटी फिरवत असाल.”

“काका, तुम्ही कधी लिफ्टमध्ये अडकलात तर मीही असंच म्हणेन हं!”

दोघेही हसले. पण लिफ्टवाल्याच्या डोक्यात किडा वळवळायला लागला होता. अधूनमधून येणारा बिघाड म्हणजे काय चीज असते, हे त्याला धंद्यामुळे पुरतं ठाऊक होतं. असा बिघाड माणूस बघतोय म्हटलं की दडी मारतो. त्याला पकडायचं तर तो कधी येतो हे बघत बसायचं नाही. तो येतो तेव्हा आजूबाजूला काय काय असतं, ते बघायचं.

मग तो बघायला लागला. थंडी असो वा ऊन, फरक नाही. टाकी भरलेली असो वा तळाला गेलेली, फरक नाही. बायकोला सोडल्यावर दिवसभर तो इमारतीमागून इमारती पालथ्या घालायचा, सतरा वेळा गाडी बंद करायचा आणि चालू करायचा. तेव्हा एकदाही टक नाही. अडायची ती फक्त घरच्या फाटकातून निघताना, आणि तीही दोघं बरोबर असताना.

बरं, दोघं असूनही रोज अडत नव्हती. ज्या दिवशी बायको आपली पर्स आणि डबा मागच्या सीटवर ठेवायची, त्या दिवशी गाडी पहिल्या फटक्यात सुरू. ज्या दिवशी पर्स मांडीवर घेऊन पुढे बसायची, त्या दिवशी टक.

मागच्या सीटवर म्हणजे तिच्या स्वतःच्या सीटच्या मागे. त्या दारातून.

३

एकदा ध्यानात आल्यावर मात्र त्याला दुसरं काही दिसेचना. गाडी टक करायची. बायको उतरायची, मागचं दार उघडायची आणि ते तसंच धरून उभी राहायची. पटकन उघडून बंद करायची नाही. उभी राहायची. मग सावकाश दार लावायची, पुढे येऊन बसायची, आणि गाडी सुरू व्हायची.

हे सगळं तो आरशातून बघायचा. ती दार धरून उभी असायची तेव्हा तिची मान किंचित खाली झुकलेली असायची.

आणि एक दिवस त्याला ते जाणवलं.

लिफ्टमध्ये जन्म काढलेल्या माणसाचे तळपाय वजनकाट्याहून तिखट असतात. केबिनमध्ये कोणी शिरलं की केबिन किंचित खाली बसते. इतकी किंचित, की तुम्हाआम्हाला कळणारही नाही. त्याला कळायचं. डोळे मिटूनही तो सांगू शकला असता की आत आलेला माणूस जाडा आहे की बारीक.

त्या दिवशी बायको बाहेर उभी होती. दार उघडं होतं. आणि गाडी मागच्या बाजूला, जराशी, खाली बसली.

त्याने वळून पाहिलं. सीट रिकामी होती. बायको दार लावत होती.

‘शॉकअब्सॉर्बर गेले असतील,’ त्याने स्वतःला सांगितलं. ‘जुनी गाडी आहे, दाराच्या वजनानेही दबते.’ दुपारी एका इमारतीखाली गाडी उभी करून त्याने तेच दार उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं. कितीतरी वेळ तो तो खेळ करत राहिला. वॉचमन टकामका बघत होता. गाडी तसूभरही हलली नाही.

४

लेक जाऊन वर्ष होत आलं होतं. साधा ताप म्हणून दवाखान्यात नेली आणि तिथून ती घरी आलीच नाही. त्याबद्दल घरात कोणी बोलत नसे. बोलायला होतंच कोण? दोघंच तर होती.

तिला तो गोगी म्हणायचा. गोगलगायीची गोगी, कारण बाईसाहेबांना निघायला नेहमी उशीर. सगळे गाडीत बसले तरी ही आपली पायरीवर बुटाच्या पट्ट्याशी झटापट करतेय. “आले, आले, थांबा ना!” असा पुकारा करत शेवटी धावत यायची, दार ओढून घ्यायची, आणि मगच हा किल्ली फिरवायचा. तसा घरचा नियमच होता. लिफ्टवाल्याच्या घरी दुसरा कुठला नियम असणार? दार नीट लागल्याशिवाय हलायचं नाही.

“तू ते दार कशाला उघडतेस गं?” एका संध्याकाळी त्याने विचारलंच.

बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने मान वर केली नाही. “तुम्हाला माहीत आहे.”

“मला माहीत नाही. म्हणून तर विचारतोय.”

“ती बसायची असते,” बायको म्हणाली. “आपण तिला न घेताच निघतो. मग गाडी कशी सुरू होईल?”

त्याच्या काळजात चर्र झालं. पण माणसाचं कसं असतं बघा, जिथे रडायला हवं तिथे तो चिडला. “वेड लागलंय तुला! अगं, वायर तुटली असेल कुठेतरी. दार हललं की चिकटते. एवढी साधी गोष्ट आहे.”

“असेल,” बायको शांतपणे म्हणाली. “मग दार उघडल्याने तुमचं काय बिघडतं?”

 तो उठून बाहेर गेला आणि फाटकापाशी उगाच उभा राहिला. त्याला लेकीची फार आठवण आली.

५

बदली त्याने कंपनीकडे स्वतःच मागून घेतली होती. दुसरं शहर, दुसरं घर, जिथल्या भिंतींवर मुलीच्या उंचीच्या खुणा नसतील असं. बायको नाही म्हणेल, अडून बसेल, अशी त्याची खात्री होती. पण ती एवढंच म्हणाली, “गाडी घेऊन जायची ना? मग चालेल.”

त्या ‘मग चालेल’ने त्याला पुरतं बेजार केलं. म्हणजे हे सगळं तिथेही चालणार? नव्या शहरातही रोज सकाळी दार धरून उभं राहायचं? आणि आणखी काही वर्षांनी? दोघं म्हातारी झाल्यावर? नाही. एकदा वायर सापडली, ती जोडली, आणि गाडी दार न उघडता सुरू झालेली तिने डोळ्यांनी पाहिली, की सुटेल ती यातून. सुटेल आणि रडेल. रडली तर बरंच होईल.

निघायच्या आदल्या दुपारी बायको दवाखान्यातल्यांचा निरोप घ्यायला गेली. तेव्हा त्याने मागच्या दाराच्या बिजागरीजवळची रबरी नळी बाहेर ओढली. दारात जाणाऱ्या सगळ्या वायरी त्या नळीतून जातात. आणि सापडली हो! एक वायर पार कुजलेली, तांबं हिरवं पडलेलं, केसाएवढ्या धाग्यावर टिकलेली. दार हललं की टोकं भिडत असणार. गाडीत चोरी रोखायची जी यंत्रणा असते, तिला कधी दार बंद दिसत असणार, कधी उघडं. उघडं दिसलं की ती सेल्फ तोडत असणार. लिफ्टमध्ये अगदी हेच होतं. हे त्याला पहिल्या दिवशी सुचायला हवं होतं!

आनंदाने त्याला ओरडावंसं वाटलं. त्याने वायर कापली, नवा तुकडा जोडला, कथलाचा डाग दिला, टेप गुंडाळली. हात सरावाने चालत होते. काम संपल्यावर मात्र तो आनंद कुठे गेला कोण जाणे. दार उघडं टाकून तो गाडीशेजारी जमिनीवरच बसून राहिला. आतापर्यंत निदान लेक असेल, अशी एक शंका होती. ती त्याने आपल्या हातांनी जोडून टाकली होती.

सीटवर ऊन पडलं होतं. त्याने सहज हात ठेवला. सगळी सीट तापली होती, फक्त कडेचा, दारालगतचा भाग गार होता. तिथेही ऊन होतंच की. ‘झाडाची सावली सरकली असेल,’ असं म्हणून त्याने हात काढून घेतला आणि दार लावलं.

६

सामानाचा ट्रक सकाळीच पुढे गेला. घराची किल्ली शेजारच्या काकूंकडे दिली. बायको काकूंना कुंड्या देऊन परत आली तेव्हा तिच्या दोन्ही हातांत काकूंनी दिलेले डबे होते. ती मागच्या दाराकडे वळली.

“बस पुढे,” तो म्हणाला. “मी उघडलं होतं मघाशी. बसलीय ती.”

खोटं होतं ते. दाराला त्याने आज हातही लावला नव्हता. त्याचा बेत असा, की गाडी सुरू होऊ द्यायची आणि मग सांगायचं: बघ, दार उघडलंच नव्हतं, वायर होती ती, फक्त वायर.

त्याने किल्ली फिरवली. गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली.

बायकोने त्याच्याकडे पाहिलं. असा चेहरा त्याने वर्षभरात पाहिला नव्हता. तिने डबे पायाशी ठेवले आणि त्याच्या हातावर आपला हात ठेवला. “तुम्ही उघडलंत?” ती म्हणाली. “तुम्ही स्वतः?” तिचे डोळे भरून आले होते. “मला वाटायचं, मी एकटीच आहे.”

आता तुम्हीच सांगा, अशा वेळी कोण कसलं खरं बोलणार? त्याने गिअर टाकला आणि गाडी फाटकाबाहेर काढली.

गल्लीच्या वळणावर त्याने सवयीने आरशात पाहिलं. फाटक मागे पडत होतं. फाटकाच्या खांबाला धरून काहीतरी छोटं एका पायावर उभं होतं. दुसरा पाय वर उचललेला, मान खाली. बुटाशी झटापट करावी तसं.

मग ती मान वर झाली.

तेवढ्यात वळण आलं आणि आरशात भिंत आली.

७

‘पाण्याचा मीटर,’ तो मनाशी म्हणत होता. ‘मीटरवर कोणीतरी गोणपाट टाकलं असेल. नाहीतर शेजारचं एखादं पोर.’ शेजारी कोणाकडे लहान पोर नव्हतं, हे त्याला माहीत होतं. तरी तो म्हणत राहिला. शहर मागे पडलं, मोठा रस्ता लागला, आणि हा आपला मीटर, गोणपाट, मीटर, गोणपाट.

बायको बोलत होती. वर्षभर मुकी झालेली बाई नुसती भरभरून बोलत होती. नव्या घराला गच्ची आहे म्हणे. खिडकीतून मैदान दिसतं म्हणे. त्यातलं निम्मं ती मागे वळून सांगत होती. “हो की नाही गं? खालची खोली तुला, वरची आम्हाला.” मग जराशी थांबायची, ऐकल्यासारखी, आणि पुन्हा सुरू.

त्याने आरसा वर वळवून ठेवला होता.

रस्त्यात गतिरोधक आला. गाडी चढली, उतरली. मागचा भाग उसळला आणि पोकळ आपटला. रिकामी केबिन मजल्यावर थांबते तेव्हा अशीच हलकी, बेवारशी थरथरते. पुढच्या गतिरोधकावर त्याने मुद्दाम वेग कमी केला. तरीही तेच. मागे काही नव्हतं. आज पहिल्यांदाच काही नव्हतं, आणि काही नसणं म्हणजे काय, हे त्याच्या तळपायांना आज पहिल्यांदा कळलं. म्हणजे इतके दिवस...

त्याने गाडी कडेला घेतली. 

“काय झालं हो?”

“ती गाडीत नाहीये.”

बायकोने मागे वळून सीटकडे पाहिलं.

“मी दार उघडलं नव्हतं. वायर जोडली काल. मला तुला दाखवायचं होतं, की...” त्याने वर वळवलेला आरसा पुन्हा खाली केला. “फाटकापाशी होती गं. मी बघितली. बघूनही आलो.”

त्याला वाटलं ती किंचाळेल, मारेल, दार उघडून पळत सुटेल.  पण ती अगदी खालच्या आवाजात एवढंच म्हणाली, “वळवा.”

८

ते पोचले तेव्हा उन्हं उतरली होती. गल्ली रोजच्यासारखीच होती. कोणीतरी सायकल पुसत होतं, कुठेतरी कुकरची शिट्टी झाली. फाटक त्यांनी ओढून घेतलं होतं तसंच होतं. खांबाजवळ कोणी नव्हतं. पाण्याचा मीटर पलीकडच्या बाजूला होता आणि त्यावर गोणपाट नव्हतं.

त्याने गाडी रोजच्या जागेवर उभी करून इंजिन बंद केलं. या वेळी तोच उतरला. वळसा घालून गेला, मागचं दार उघडलं आणि धरून उभा राहिला. आपली मान आपोआप किंचित खाली झुकलीय, हे त्याच्या लक्षात आलं.

“गोगी,” त्याने हाक मारली. वर्षभरात हे नाव त्याने उच्चारलं नव्हतं. “ये गं. बाबा आलाय बघ परत. चुकलं माझं.”

काही हललं नाही. पायरी रिकामी, अंगण रिकामं. बंद घराच्या खिडकीवर उन्हाचा शेवटचा तुकडा होता, तोही गेला. तो उभा राहिला, उभा राहिला, आणि हात भरून आले तरी तळपायांना काही जाणवेना, कारण तो गाडीबाहेर होता. आत बसलेल्या बायकोकडे त्याने पाहिलं. तिने नकारार्थी मान हलवली.

“रुसलीय,” ती म्हणाली.

“किंवा नाहीच आहे,” तो म्हणाला. जुनी सवय, सुटता सुटेना. “कधी नव्हतीच. आपण दोघं वेडी झालोय, दुसरं काही नाही. चल, अंधार पडेल.”

हे बोलताना त्याला रडू फुटलं, आणि रडतच त्याने दार लावलं. पुढे येऊन बसला. डोळे पुसले. किल्ली फिरवली.

टक.

डॅशबोर्डवरचे दिवे लख्ख होते. वायर त्याने स्वतःच्या हाताने जोडली होती, डाग दिला होता, ओढून पाहिली होती. सकाळपासून गाडी धावली होती. तो दिव्यांकडे बघत राहिला.  बाहेर, पायरीच्या बाजूला, बारीक काहीतरी वाजलं. पट्टा ओढल्यासारखं.

दोघांपैकी कोणी मान वळवली नाही. तो हात लांब करून मागचं दार आतूनच उघडायला गेला, तर हात पोचेना. मग बायको सावकाश उतरली, तिने दार उघडलं आणि धरून उभी राहिली.

बराच वेळ गेला. गाडी मागून जराही खाली दबली नाही.

“परत एकदा सुरू करून बघता?” तिने बाहेरून विचारलं.

त्याने किल्लीवरचा हात काढून घेतला.

“नको,” तो म्हणाला. “ती न बसताच गाडी सुरू झाली तर?”